फ्लेक्स ट्रॅक की तयार तुकडे? चिकटवायचे की ठोकायचे?

रूळवेडा: एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट (मांडणी) करतोय, प्लायवुडवर कॉर्क बसवून झाला. माझं मत ठरलंय: फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, तोही ॲक्रिलिक कॉकने (फटी बुजवायच्या लवचीक पेस्टने) चिकटवून. एक नग साधारण 91 सेंमीचा, तेवढ्या लांबीत एकही जोड नाही. जोड म्हणजे गाडी घसरायची आणि वीज तुटायची हमखास जागा. शिवाय सरळ मार्ग हळूहळू वळणात शिरतो, खऱ्या रेल्वेसारखा. कोणाला वेगळं वाटतं?

तीन_डबे: मला वाटतं. फ्लेक्स वाकवला की आतला रूळ पुढे येतो. तो कापा, कानस मारा, मग जोडपट्टी (दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) चढवा. वळणावरच दोन नग जुळले की ते सरळ व्हायला बघतात आणि तिथे कोपरा पडतो. तयार तुकड्याची त्रिज्या कारखान्यातच पक्की झालेली असते. आराखडा पटला नाही तर उचला, पुन्हा मांडा. नवख्याला हेच बरं.

रूळवेडा: दोन नग सरळ असतानाच सोल्डर करा आणि मग एकत्र वाकवा, कोपरा पडत नाही. सरळ मार्गावर मात्र सगळे जोड सोल्डर करू नयेत. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. फट नसेल तर रूळ वाकडे होतात.

जुना_गार्ड: फ्लेक्स मान्य, कॉक नाही. पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) थोडा सरकवायचा झाला तर खिळा उपटला की काम झालं. फक्त खिळा पार दाबून ठोकू नका. स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधोमध दबला की दोन्ही रूळ आत कलतात आणि 16.5 मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आवळला जातो. खिळ्याच्या डोक्याखाली कागद सरकेल एवढी जागा हवी.

रूळवेडा: पॉइंटला खिळेच, हे पटलं. कॉक हलत्या पट्टीत शिरला तर पॉइंट जाम. बाकी ठिकाणी पातळ थर द्या, खालून पातळ पात्याची सुरी फिरवली की ट्रॅक सुटतो.

तीन_डबे: खडी टाकून पातळ फेव्हिकॉल सोडल्यावर सुटेल का? तेव्हा खिळा काय आणि कॉक काय, सगळं एकजीव होतं. म्हणून म्हणतो, आधी तुकडे नुसते मांडून गाड्या भरपूर पळवा. तुमचा सगळ्यात लांब डबा वळणावर शेजारच्या गाडीला घासतो का, ते कागदावर कळत नाही.

जुना_गार्ड: पळवा, पण फ्लेक्सवर, दोन-चार खिळ्यांवर तात्पुरता धरून. आणि दोघांनाही सांगतो, विजेसाठी जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक नगाला स्वतंत्र फीडर तार (रुळांना वीज पुरवणारी) द्या, तीही खडी टाकायच्या आधी.