बेथोव्हेनचे बहिरेपण आणि शिसे

शिशाची विषबाधा हेच जर्मन संगीतकार बेथोव्हेनच्या बहिरेपणाचे कारण, असे म्हटले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. बेथोव्हेनचे मानल्या गेलेल्या ज्या केसांवरून हा तर्क प्रथम मांडला गेला, ते एका स्त्रीचे असल्याचे २०२३च्या जनुकीय तपासणीत उघड झाले. २०२४मध्ये बेथोव्हेनच्या अस्सल केसांतही भरपूर शिसे आढळले, तरी शिशाने बहिरेपणाला हातभार लावला असावा, इतकेच म्हणता येते. १८०१च्या पत्रात तो लिहितो की, थोडे दूर बसल्यास वाद्यांचे आणि गायकांचे उंच स्वर ऐकू येत नाहीत, आणि १८२७च्या शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या, त्यामुळे मधल्या कानातील हाड घट्ट होणे या दुसऱ्या संभाव्य कारणापेक्षा आंतरकर्णाचा (कानाच्या आतल्या भागाचा) व नसांचा विकार मला अधिक संभवनीय वाटतो.