ज्युदो बघते, पण कोण जिंकतंय तेच कळत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचीमुळे मला ज्युदोचा नाद लागला. ग्रँड स्लॅम स्पर्धा ऑनलाइन लागली की आम्ही दोघी स्क्रीनसमोर. ती एकदम ओरडते, मी विचारते "काय झालं गं?", आणि उत्तर येतं, "मावशी, दिसलं नाही का?" नाहीच दिसलं, म्हणून इथे विचारतेय.

मला कळतं ते एवढंच: एकजण पांढऱ्या गीमध्ये (ज्युदोचा पोशाख), दुसरा निळ्या. लढत चार मिनिटांची. समोरच्याला जोरात, पूर्ण पाठीवर आपटलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, आणि खेळ खल्लास. दोन वाझा-आरी, म्हणजे अर्धे गुण, झाले तरी तेच. इथपर्यंत ठीक. गाडी अडते ती पुढे.

पॅरिस ऑलिंपिक २०२४, महिला ५७ किलो, अंतिम लढत. कॅनडाची क्रिस्टा देगुची आणि कोरियाची हुह मि-मी. कुणीच कुणाला पाडलं नाही. गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, हुहने खाली शिरून फेकायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि पंचांनी तिलाच शिक्षा देऊन सामना संपवला. सुवर्ण देगुचीला. हल्ला जिने केला तीच हरली? हे काय गौडबंगाल आहे?

दुसरं, पहिल्या फेरीत हरलेली मुलगी बॅग भरून निघून जाते, पण उपांत्यपूर्व फेरीत हरलेली नंतर पुन्हा उतरते आणि कांस्य घेऊन जाते. कांस्यही दोन दोन. आणि तिसरं, हे युको नावाच्या गुणाचं प्रकरण काय आहे? जुन्या व्हिडिओत दिसतं, मधल्या वर्षांत गायब, आता परत आलंय.

कृपया "नियमावली वाचा" असं सांगू नका. उघडली होती, मिटून ठेवली.

प्रतिसाद १

कांस्याचं सोपं आहे. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघींना रेपेशाजमध्ये आणखी एक संधी मिळते. त्यांच्यात दोन लढती होतात. जिंकलेल्या दोघी उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींशी कांस्यासाठी खेळतात, म्हणून दोन कांस्यं. त्याआधीच हरलात तर राम राम. पूर्वी रेपेशाजचे इतरही प्रकार असायचे, त्यामुळे जुन्या स्पर्धा बघताना गोंधळ होतो. क्रमवारीतल्या पहिल्या आठजणी ड्रॉमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवलेल्या असतात, म्हणजे त्या उपांत्यपूर्व फेरीच्या आधी आपसात भिडत नाहीत. बिनमानांकित मुलीला पहिल्याच लढतीत एखादी जगज्जेती मिळाली तर तिचं नशीब फुटकं, एवढंच म्हणायचं.

प्रतिसाद २

तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

तुम्ही बहुतेक पायांकडे बघताय. पाय शेवटी बघा, आधी हात बघा. लढत सुरू होते ती पकडीपासून. एक हात समोरच्याच्या बाहीवर, दुसरा कॉलरवर, ही साधी पकड. ती मिळवण्यासाठी आणि समोरच्याला मिळू न देण्यासाठी पहिला अर्धा मिनिट जातो. बाही हातात आली की चांगला खेळाडू ती खाली आपल्या कमरेकडे खेचून धरतो. मग समोरच्याचा तो हात जवळजवळ मेलाच, त्या बाजूने त्याला काही करता येत नाही. तो झटका देऊन बाही सोडवतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुमची भाची ओरडते ना, ती बहुतेक हे बघूनच. फेक नंतर होते, ठरते इथे.

आता शिदो, म्हणजे छोटी शिक्षा. पकड न घेता टाळाटाळ केली, घेऊन नुसतं अडवत बसलात, वाकून बचाव करत राहिलात, बोटं समोरच्याच्या बाहीच्या तोंडात आत घातली, मॅटच्या रेषेबाहेर पाय टाकला की शिदो. तीन शिदो म्हणजे हन्सोकुमाके, सामना हातचा गेला. पंच दोन्ही हात छातीसमोर एकमेकांभोवती गोल फिरवून बोट दाखवतात, ती निष्क्रियतेची शिक्षा. मुठी मिटून दोन्ही हात पुढे करून खाली ओढतात, तो खोटा हल्ला.

हुहला तिसरा शिदो याच खोट्या हल्ल्याचा होता. खोटा हल्ला म्हणजे ज्याच्यात फेकण्याची खरी शक्यताच नाही. पकड धड नाही, समोरचीचा तोल हललेला नाही, आणि आपण नुसते खाली बसलो. असं केलं की पंचांना थांबवावं लागतं, वेळ निघते, आणि कामात असल्यासारखं दिसतं. त्या लढतीत तो शिदो कडक होता का? माझ्या मते होता. ऑलिंपिक फायनल अशी संपायला नको होती. पण नियमात बसत नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. गोल्डन स्कोअरला वेळेची मर्यादा नसते आणि आधीचे शिदो सोबत येतात, त्यामुळे दोन शिदो खांद्यावर घेऊन उतरलेली मुलगी तारेवर चालत असते.

प्रतिसाद ३

युको २०१७ मध्ये काढलं आणि २०२५ पासून परत आणलं. कुशीवर पण पाठीकडे कलून पडलं तर वाझा-आरी, नुसतं कुशीवर पडलं तर युको. जमिनीवर दाबून धरलं तर ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पोन. कितीही युको जमवा, त्यांचं वाझा-आरी होत नाही. पण चार मिनिटं संपताना बाकी सगळं बरोबरीत असेल तर एका युकोवर सामना जातो. मला हे आवडलंय. मधल्या काळात अर्धवट पडण्यालाही वाझा-आरी द्यायचे, तेव्हा त्याची किंमतच राहिली नव्हती.

धागाकर्ती

वा! काल जुन्या लढती परत लावल्या आणि फक्त हात बघितले. फरक पडतोय हो! बाही कमरेकडे ओढलेली दिसली की आता मीच आधी ओरडते.

आणखी एक विचारते. पुरुष आणि महिला यांच्या नियमांत फरक काय? आणि मिश्र सांघिकमध्ये चक्र फिरवून शेवटची लढत ठरवतात ते नशिबावर सोडणं नाही का?

प्रतिसाद २

नियम तेच, वेळही तीच. रिओ २०१६ ला पुरुषांची पाच मिनिटं आणि महिलांची चार होती, २०१७ पासून दोघांची चार. महिला गीच्या आत पांढरा टी-शर्ट घालतात, बाकी वजनगट वेगळे: महिला ४८ ते ७८ वरचे, पुरुष ६० ते १०० वरचे, दोन्हीकडे सात.

पुरुष आणि महिला एकाच स्पर्धेत, हे मात्र तसं नवीन आहे. पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये १९६४ ला आला, महिलांना पदकं मिळायला १९९२ उजाडलं. रस्टी कानोकोगी नावाच्या अमेरिकन बाईने १९५९ मध्ये पुरुष बनून एका स्पर्धेत पदक मिळवलं होतं, बाई असल्याचं कळल्यावर ते काढून घेतलं. त्याच बाईने १९८० मध्ये न्यूयॉर्कला पहिली महिला जागतिक स्पर्धा भरवून दाखवली. दोघांची जागतिक स्पर्धा एकत्र झाली ती १९८७ ला एसेनमध्ये.

मिश्र सांघिकमध्ये तीन महिला, तीन पुरुष, सहा लढती. ३-३ झालं तर सोडतीने एक गट काढून गोल्डन स्कोअर खेळवतात. पॅरिसला फायनलमध्ये जपान ३-१ पुढे होता, फ्रान्सने बरोबरी केली. जपानचा ६६ किलोचा ऑलिंपिक विजेता हिफुमी आबे ७३ च्या जागेवर उतरला आणि हरला. मग चक्र थांबलं ९० किलोवरच्या पुरुषांवर, म्हणजे फ्रान्सचा तेडी रिनेर. त्याने जपानच्या सैतोला त्याच फायनलमध्ये दुसऱ्यांदा हरवलं. नशीब म्हणाल तर आहे. पण कुठलाही गट निघाला तरी तिथे तुमचा माणूस तगडा लागतो, आणि एखादी जागा कच्ची असलेला संघ ३-३ पर्यंत सहसा पोचत नाही.

प्रतिसाद १

भाचीला एक सांगा. ग्रँड स्लॅम सहसा तीन दिवसांची असते, पहिल्या दिवशी हलके गट, शेवटच्या दिवशी जड. ती ज्या वजनात खेळते त्याच दिवशीच्या सकाळच्या प्राथमिक फेऱ्या लावा. फायनलपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं, कारण एकाच मुलीच्या दोन-तीन लढती सलग बघता येतात. ड्रॉ आदल्या दिवशीच लागतो, तो समोर ठेवून बसा.