मदत हवी आहे : उंदीरसुद्धा 'डिअर'?

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातल्या एका प्रवेशाचं भाषांतर करते आहे. वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतलेला एडगर त्यात सांगतो की सात वर्षं आपण उंदीर, घुशी आणि असल्याच 'स्मॉल डिअर'वर काढली. पहिल्या खर्ड्यात मी चक्क 'छोटी हरणं' लिहून मोकळी झाले होते! दुसऱ्या दिवशी वाचताना हसू आलं. उंदरांच्या पंगतीत हरणं कुठून आली?

कोश उघडल्यावर उलगडा झाला. जुन्या इंग्रजीत 'डेओर' म्हणजे कुठलंही जनावर, बहुधा रानटी. जर्मन 'टीअर' आजही त्याच अर्थाने चालतो. इंग्रजीत मात्र शब्द आक्रसत शिकाऱ्यांच्या लाडक्या हरणावर येऊन थांबला आणि 'प्राणी' या अर्थाची जागा लॅटिनमधून आलेल्या 'अॅनिमल'ने घेतली. 'लिअर' १६०५-०६च्या सुमाराचं, तेव्हा जुना अर्थ अजून धुगधुगत होता म्हणायचा.

आपल्या 'मृग'चंही अगदी हेच झालंय. ऋग्वेदात हत्तीला 'मृग हस्ती' म्हटलंय, म्हणजे हात असलेलं जनावर. शाखामृग म्हणजे माकड, मृगेंद्र म्हणजे सिंह. पण मी 'क्षुद्र मृग' लिहिलं तर वाचकाला हरीणच दिसणार, आणि भिकाऱ्याच्या तोंडी संस्कृत ते वेगळंच. 'प्राणी' शाळेच्या पुस्तकातला वाटतो. 'जनावर' जवळचं आहे, पण 'बारीक जनावर' म्हटलं की मला आधी साप आठवतो. काय करू?

प्रतिसाद १ : 'जीवजंतू' करा की.

धागाकर्ती : जंतू म्हटलं की जखम आणि औषध डोळ्यांपुढे येतं हो. शिवाय तो ते खातोय!

प्रतिसाद २ : 'सावज' बघा. रानातलं जनावर आणि शिकाऱ्याचं लक्ष्य, दोन्ही त्यात येतं. 'उंदीर, घुशी नि असलंच बारीकसारीक सावज.' मुळात एडगर उमरावाचा मुलगा. ज्याने हरणं मारायची तो उंदरांमागे धावतोय, ही बोचही आपोआप येते.

धागाकर्ती : अरे वा, हे सुचलंच नव्हतं! 'डिअर'चं अनेकवचन 'डिअर'च राहतं, तसं 'सावज'ही इथे एकवचनातच ठेवते. 'सावजं' केलं की वाक्य लंगडतंय. मात्र 'बारीकसारीक' ओळीत मावत नाहीये, नुसतं 'बारीक' चालेल ना?

प्रतिसाद २ : धावेल.