नामशेष पक्ष्यांची हाडे आणि जिवंत पक्ष्यांचे पैसे

पिंगळा (धागाकर्ता)

'शेवाळ' यांनी परवाच्या टिपणात असे म्हटले आहे की, महासागरी (म्हणजे कधीच कोणत्या खंडाला जोडलेल्या नसलेल्या) बेटांवरच्या नामशेष पक्ष्यांची हाडे गोळा करणे म्हणजे घर पेटलेले असताना जुन्या भाडेकरूंची यादी करत बसणे होय, आणि त्या यादीतली निम्मी नावेही अंदाजपंचे घातलेली असतात. उपमा चटकदार आहे आणि नेमकी म्हणूनच ती मला दोन दिवस टोचत राहिली. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

लेसन बदकाचे उदाहरण घेऊ. हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य टोकाकडे लेसन नावाचे चिमुकले बेट आहे. हे बदक जगात फक्त तिथेच, त्या बेटावरच्या खाऱ्या तळ्याच्या आधाराने जगू शकते, असे सगळे धरून चालले होते. पुढे मोठ्या हवाई बेटांवरच्या लाव्हाच्या गुहांमध्ये, किनाऱ्यापासून दूर, डोंगरातल्या जंगलाच्या भागात याच बदकाची हाडे सापडली आणि त्यांची ओळख डीएनएनेही पटली. म्हणजे ते खाऱ्या तळ्याचे बदक नव्हतेच. बाकी सगळीकडून हुसकावले गेल्यावर उरलेल्या शेवटच्या जागी ते अडकून पडले होते. ही हाडे पदरी होती म्हणून २००४ आणि २००५ मध्ये ४२ बदके त्याच रांगेतल्या मिडवे बेटांवर नेऊन सोडण्याचे धाडस करता आले. ती तिथे रुजली आणि वाढली. भाडेकरूंची जुनी यादी हाताशी नसती, तर कोणाला कोणत्या खोलीत परत न्यायचे हे शेवाळ यांनी कशावरून ठरवले असते?

विदा_द्या

एक बदक म्हणजे सिद्धांत नव्हे. शेवाळ यांच्या मुद्द्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे बगल दिली आहे, म्हणून तोच पुढे करतो. पक्ष्यांच्या जुन्या हाडांचे अभ्यासक डेव्हिड स्टेडमन यांनी १९९५ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरून पक्ष्यांच्या सुमारे २,००० प्रजाती नाहीशा झाल्या असाव्यात, असे मांडले. २०१३ च्या एका अभ्यासात हा आकडा १,००० च्या आसपास आला. २०२३ च्या अभ्यासाने साऱ्या जगासाठी साधारण १,४३० असा अंदाज दिला आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पक्ष्यांचे एकही हाड कोणी पाहिलेले नाही. न पाहिलेल्या पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या शास्त्राला मी शास्त्र म्हणावे, अशी अपेक्षा असेल तर ती मी नम्रपणे नाकारतो.

न्यूझीलंडच्या मोआ या न उडणाऱ्या, नामशेष पक्ष्याचीही तीच गत. डायनॉर्निस या वंशात लहान, मध्यम आणि थोराड अशा तीन प्रजाती वर्षानुवर्षे मानल्या गेल्या. २००३ मध्ये डीएनए तपासल्यावर कळले की थोराड हाडे माद्यांची आणि लहान हाडे त्यांच्याच नरांची होती. नवरा-बायकोंना वेगवेगळ्या प्रजातींत टाकणाऱ्यांच्या यादीवर मी किती विश्वास ठेवावा?

चुनखडी

विदा_द्या, तुम्ही दिलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. २०१३ च्या आकड्यात गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा मोठा गण धरलेलाच नाही आणि २०२३ चा आकडा जगभराचा आहे. त्यांची एका ओळीत मांडणी करून 'आकडा सारखा बदलतो' असे म्हणणे हे 'आकडेवारी द्या' असे सांगणाऱ्या तुमच्या टोपणनावाला शोभत नाही. मोआची चूक उघडकीस आली तीही हाडांतूनच, कारण तो डीएनए हाडांतच होता. (आणि एक खडा जाता जाता काढते. न्यूझीलंड हे महासागरी बेट नव्हे, बुडालेल्या झीलँडिया खंडाचा वर उरलेला तुकडा आहे. तेव्हा मोआ इथे पाहुणाच.)

न पाहिलेल्या पक्ष्यांविषयीही सांगते, कारण मी ते काम केले आहे. एका बेटावरच्या चुनखडीच्या गुहेतला गाळ धुऊन, वाळवून, बारीक चाळणीतून काढून माझ्यासमोर ठेवला जात असे आणि मी नऊ दिवस चिमटा व मऊ कुंचला घेऊन तो निवडत होते. गोगलगायींचे शंख, सरड्यांचे जबडे आणि वादळपाखरांची (समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्यांची) हाडे यांचे ढीग झाले. नवव्या दिवशी दुपारी पाणकोंबडीच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या उरोस्थीचा, म्हणजे छातीच्या हाडाचा, तुकडा हाती आला. उडणाऱ्या पक्ष्याच्या उरोस्थीवर पंखांचे स्नायू धरून ठेवणारा उंच कणा असतो. याच्यावर तो नखाच्या कडेएवढाच उरला होता. तो पक्षी उडत नव्हता, हे कळायला मला कोणताही आकडा लागला नाही. पुढे तुलनेसाठी संग्रहालयात गेले, तर या कुळातल्या पक्ष्यांची भुसा भरलेली कातडी खणच्या खण भरून होती आणि सांगाडा एकच, तोही अर्धवट. कातड्यात चोच आणि पाय राहतात, उरोस्थी फेकून दिलेली असते. अडचण अंदाजांची नाही, ताडून पाहायला सांगाडेच नाहीत ही आहे, आणि त्यावर कोणी टिपण लिहीत नाही.

शेवाळ

माझ्या नावाने धागा निघाला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. मी तीन हंगाम एका बेटावर वादळपाखरांच्या वसाहतीत उंदीर मारण्याचे काम केले. ही पाखरे जमिनीत बिळे करून वर्षाला एकच अंडे घालतात, आणि पहाटे बिळात हात घातल्यावर उबदार पिल्लाऐवजी कुरतडलेली पिसे हाताला लागणे म्हणजे काय, हे चाळणीपुढे बसणाऱ्यांना मी कसे सांगू? चौथ्या हंगामात सापळ्यांसाठी पैसे नाहीत असे आम्हाला कळवण्यात आले आणि त्याच वर्षी त्याच बेटावरच्या गुहेतल्या उत्खननाला निधी मिळाला. त्या गुहेतल्या पक्ष्यांना आणखी शंभर वर्षे थांबता आले असते. माझ्या पाखरांना चार महिनेही थांबता आले नाही. मेलेल्यांच्या थडग्यांना अनुदान आणि जित्यांना उपदेश, असा हा व्यवहार आहे.

खडू_फळा

मला दोन्ही बाजूंचे पटते आहे, पण डोडोच्या झाडाची जी फसवणूक झाली तिच्याबद्दल कोणी बोलणार आहे की नाही? मॉरिशसमधल्या तांबालाकोक वृक्षाच्या बिया डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाहीत, डोडो गेला म्हणून ते झाडही मरणपंथाला लागले, ही गोष्ट मी स्वतः अकरा वर्षे वर्गात सांगितली. मुले डोळे विस्फारून ऐकत. बाराव्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, डोडो जाऊन ३०० वर्षे झाली, मग आजची झाडे कोणी लावली?" मी तिला खाली बसवले. त्याची लाज मला आजही वाटते, आणि हाडांच्या अभ्यासकांनीच हा घोळ घातला असा माझा राग आहे.

विदा_द्या

खडू_फळा यांनी माझे काम सोपे केले. त्या गोष्टीचा पाया पाहा. स्टॅनली टेंपल यांनी १९७७ मध्ये टर्की कोंबड्यांना १७ बिया बळेच भरवल्या. ७ भरडल्या गेल्या आणि उरलेल्या १० पैकी ३ रुजल्या. न भरवलेल्या बिया शेजारी पेरून तुलना केलेली नाही. तीन कोंबांवर जगभरची पाठ्यपुस्तके उभी राहिली.

खडू_फळा

तीनच? मी वर्गात 'अनेक प्रयोगांती' असे म्हणत असे.

चुनखडी

खडू_फळा सर, राग योग्य आहे, माणसे मात्र चुकली. टेंपल हाडांचे अभ्यासक नव्हते, जिवंत पक्ष्यांच्या संवर्धनाचे होते. त्यांच्या दाव्यावर आक्षेप आला तो बेटावरच्या वनखात्याकडूनच. पोटातून न गेलेल्या बियाही रुजतात आणि ३०० वर्षांहून कमी वयाची झाडेही आहेत, हे पुढे आले. बेटावर डोडो एकटाच फळे खात होता, ही मुळातली समजूत खोडायला हाडेच लागली. मार ओ सोंज या दलदलीत १८६५ पासून डोडोची हाडे मिळत आहेत, पण तिथल्या हाडांत सर्वांत जास्त भरणा डोडोचा नाहीच, महाकाय कासवांचा आहे. शिवाय थोराड चोचीचा एक पोपटही होता, आणि कासवे व पोपट दोघेही नाहीसे झाले. त्याच गाळात तांबालाकोकच्या बियाही आहेत. एका पक्ष्याची आणि एका झाडाची प्रेमकथा तेवढी सगळ्यांना हवी होती. गाळात अख्खा शेजार पुरलेला होता.

विदा_द्या

कासवांनी बिया खाल्ल्याचा तरी पुरावा आहे का, की आता कासवांची प्रेमकथा सुरू झाली?

चुनखडी

'शक्यता' आणि 'पुरावा' यांतला फरक मला कळतो, आणि मी कासवांनी बिया रुजवल्या असे कुठेही लिहिलेले नाही. तुम्ही माझा प्रतिसाद न वाचता त्याला उत्तर देत आहात, आणि ही तुमची पहिली वेळ नाही.

पिंगळा

धागा माझा आहे, तरी तो आता मॉरिशसच्या एका झाडाला बांधला गेला आहे असे दिसते. हरकत नाही, शेजारच्याच बेटावर जाऊ. रियुनियनवर पांढरा डोडो होता, असे सतराव्या शतकातल्या चित्रांवरून शेकडो वर्षे मानले जात होते. १९७४ पासून तिथे हाडे मिळू लागली. त्यांत डोडोचे एकही हाड नाही. निघाला तो लांब वाकड्या चोचीच्या शराटीच्या कुळातला पक्षी. यादीत अंदाजाने घातलेले नाव काढून टाकले ते हाडांनीच, विदा_द्या, चित्रांनी नव्हे.

उंदरांचेही तेच. न्यूझीलंडमध्ये (चुनखडीताई, क्षमा असावी) उंदीर २,००० वर्षांपूर्वी पोहोचले, असे १९९६ मध्ये काही हाडांच्या कार्बन कालमापनावरून सांगितले गेले. २००८ मध्ये उंदरांनी कुरतडलेल्या बियांचे आणि नव्याने काळजीपूर्वक स्वच्छ केलेल्या हाडांचे वय काढले, तेव्हा काहीही १२८० च्या मागे जाईना. उंदीर माणसांबरोबरच आले होते, म्हणजे तिथल्या पक्ष्यांनी त्याआधी उंदीर पाहिलेच नव्हते. शेवाळ, तुमच्या सापळ्यांच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मला ठाऊक नाही.

विदा_द्या

शराटी मान्य. पांढऱ्या डोडोची मला आवड होती, त्यामुळे हे मान्य करताना आनंद होत नाही, एवढी नोंद घ्यावी. १,४३० हा आकडा मात्र मी अजूनही 'अंदाजे' हा शब्द ठळक करूनच वाचणार.

शेवाळ

उंदीर वाईट आहेत हे सांगायला मला १२८० साल लागत नाही. तरीही बदकांचा मुद्दा मी काल रात्री पुन्हा वाचला. ४२ बदकांबद्दल तुमच्या गुहांचा एक हंगाम माफ. सगळे हंगाम नाहीत.

एक विचारायचे आहे, आणि याचा अर्थ मी पक्ष बदलला असा कोणी काढू नये. वादळपाखरे बीळ उकरताना आतली माती तोंडाशी फेकतात. त्या मातीत कधी कधी तपकिरी, वजनाला हलकी हाडे असत. बरीचशी पाखरांचीच असावीत, पण काही पायांची हाडे त्यांच्या पायांच्या दुप्पट जाड होती. ती आम्ही वाटेतून बाजूला टाकत असू.

चुनखडी

बाजूला टाकत होता? तीन हंगाम? मी नऊ दिवसांत एक तुकडा शोधला त्याचे मला केवढे अप्रूप, आणि तुम्ही दुप्पट जाडीची पायांची हाडे बुटाने सारत होता! उंदरांनीही एवढे नुकसान केले नसेल.

शेवाळ

म्हणूनच सांगत नव्हतो.

चुनखडी

बरे, रागावून झाले. पुन्हा गेलात तर परवानगीवाचून काही उचलू नका. जागेवरच, मोजपट्टी शेजारी ठेवून, दोन्ही टोकांची छायाचित्रे घ्या, कारण जाडीपेक्षा सांध्याच्या टोकावरून ओळख लवकर पटते, आणि बिळाचा क्रमांक लिहून ठेवा. तुटलेले हाड कोणी मदत म्हणून गोंदाने जोडायला निघाला, तर त्याचा हात धरा. गोंदातला कार्बन हाडात मुरला की त्याचे वय चुकते.

शेवाळ

छायाचित्रे काढीन. बिळांना क्रमांक आम्ही आधीच दिलेले आहेत, तेवढे शास्त्र आम्हालाही येते. चाळणी मात्र कोणी माझ्या हातात देऊ नये.