कॉलेज फुटबॉलचं वेट ट्रेनिंग: यंत्रांनी खरंच काही बदललं का?

ओहायोकर:
फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. मुलगा एका छोट्या कॉलेजात लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, आहे, डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांची सगळ्यात खालची पातळी, खेळाची स्कॉलरशिप वगैरे नाही, निव्वळ आवडीने खेळणारी पोरं. दोन वर्षं त्याचं ट्रेनिंग जवळून बघतोय आणि माझं ठाम मत झालंय की या खेळात आलेली सगळ्यात मोठी नवी गोष्ट म्हणजे मोजमाप. आधी कोच फळ्यावर लिहायचा, मॅक्सच्या (एका वेळी उचलता येतं त्या जास्तीत जास्त वजनाच्या) ८० टक्के, पाच रेप म्हणजे पाच वेळा उचलायचं, असे चार सेट. पण मॅक्स काढला ऑगस्टमध्ये आणि पोरगं आज परीक्षेसाठी जागून तीन तास झोपून आलंय, मग त्याचे आजचे ८० टक्के तेच कसे असतील? आता बारला एक दोरी अडकवतात, तिचं दुसरं टोक खाली छोट्या डब्यात, आणि बार किती वेगाने वर गेला ते लगेच स्क्रीनवर दिसतं. आज सेकंदाला ०.७५ ते १ मीटर असं ठरलं असेल आणि वेग त्याखाली यायला लागला की वजन काढायचं नाहीतर सेट तिथेच थांबवायचा. मिसूरी विद्यापीठात ब्रायन मॅन यांनी कॉलेजच्या खेळाडूंबरोबर यावर बरंच काम केलं. मोठ्या टीम तर अजून पुढे आहेत, फ्लोरिडा स्टेटने कॅटापल्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीचे जीपीएस सेन्सर पोरांच्या पाठीवर लावून सरावाचा भार मोजला आणि २०१३च्या सीझनमध्ये नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. थकलेल्या पोराला "आळशी" म्हणायचे दिवस यामुळे संपले असं मला वाटतं.

लिंकनचा_लाल:
ओहायोकर, तुमचं कौतुक समजतं पण मी नाही मानत. मी नेब्रास्का विद्यापीठात शिकलोय म्हणून सांगतो, यातली खरी क्रांती १९६९ साली झाली आणि तिथे एकही सेन्सर नव्हता. तोपर्यंत बहुतेक कोचना वाटायचं वजन उचललं की खेळाडू जाड होतो, हळू होतो. बॉयड एप्ली नावाचा तिथला पोल व्हॉल्टर (बांबूउडीवाला) पाठ दुखावली म्हणून वेट रूममध्ये पडलेला असायचा, जखमी फुटबॉलपटू त्याचं बघून व्यायाम करायला लागले आणि परत आले ते आधीपेक्षा दणकट होऊन. टॉम ऑस्बोर्न तेव्हा असिस्टंट कोच होते, त्यांच्या हे लक्षात आलं आणि हेड कोच बॉब डेव्हनींनी एप्लींना कामावर घेतलं. १९७० आणि ७१ला लागोपाठ नॅशनल टायटल. स्ट्रेंथ कोच, म्हणजे ताकदीचा व्यायाम करून घेणारा कोच, ही नोकरीच तिथून उभी राहिली, १९७८ला त्यांची देशभरची संघटनाही एप्लींनीच काढली. आणि मोजमाप तेव्हाही होतंच, ४० यार्ड धाव, उभी उडी, स्टॉपवॉच आणि वही. चांगला कोच पोरगं दारातून आत आलं की ओळखतो ते आज दमलंय का नाही, आपल्याकडे तालमीत वस्तादाला कोणी स्क्रीन दिली होती? स्क्रीन आली की कोच पोराकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघतो, हे मी स्वतः पाहिलंय.

ओहायोकर:
लाल, वस्तादाची नजर मान्य, पण वस्तादापुढे वीस-पंचवीस पठ्ठे असतात, इथे टीमच्या यादीत शंभरच्या वर पोरं आणि वेट रूममध्ये तासाभराच्या बॅचा. आणि नजर चुकते हो! आयोवा विद्यापीठात जानेवारी २०११मध्ये काय झालं ते विसरू नका. मॅक्सच्या निम्म्या वजनाने १०० स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), तेही घड्याळ लावून. १३ पोरं हॉस्पिटलमध्ये गेली, रॅब्डो, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटून आतला माल रक्तात जातो, लघवी काळपट होते आणि किडनीवर येतं. तिथे अनुभवी कोच होते, नजर होती, वहीही होती. बारचा वेग कोणी बघितला असता तर कितव्या रेपला पोरं संपली ते दिसलं असतं.

फिजिओताई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरला शिकले, आता अमेरिकेत काम करते. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते दुय्यम आहे असं मला मनापासून वाटतं. आयोवात वेग मोजायची गरज नव्हती दादा, सुट्टीवरून नुकत्याच आलेल्या पोरांना १०० स्क्वॉट देऊ नयेत एवढंच कळायला हवं होतं. सहा वर्षांनी, जानेवारी २०१७ला, ओरेगन विद्यापीठात परत तेच, नवा स्टाफ, सुट्टीनंतरचे पहिलेच वर्कआउट आणि तीन पोरं हॉस्पिटलात. ओरेगनकडे यंत्रांची कमी होती का? देशातल्या सगळ्यात श्रीमंत सोयींमध्ये गणना होते त्यांची.
आणि मेरीलँड विद्यापीठ. २९ मे २०१८, जॉर्डन मॅकनेअर, १९ वर्षांचा, ११० यार्डांच्या दहा धावांच्या सरावात कोसळला. उष्माघात. त्याला थंड पाण्यात बुडवलंच नाही. १३ जूनला तो गेला. उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं तापमान ३९ अंशांच्या खाली आणलं तर माणूस वाचतो, त्यासाठी लागतो एक टब, बर्फ, पाणी आणि गुदद्वारातून तापमान घ्यायचा थर्मामीटर. आधी थंड करा, मग ॲम्ब्युलन्समध्ये घाला, एवढा साधा नियम आहे. २००० नंतर कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावरच्या टकरींपेक्षा कंडिशनिंग, म्हणजे दम वाढवायचा व्यायाम, करताना जास्त पोरं दगावली आहेत, हे वाचून मला अजूनही झोप लागत नाही. राइस विद्यापीठात २००६ला डेल लॉइड १०० यार्डांच्या १६ धावांनंतर गेला, त्याला सिकल सेल ट्रेट होता, म्हणजे त्या रक्तदोषाचा तो वाहक होता. त्यानंतर कुठे २०१०पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, त्याची रक्ततपासणी सुरू झाली. सिकल सेल काय असतं हे आम्हा विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या लेखी नवीन शोध हा, साध्या रक्ततपासणीचा.

लिंकनचा_लाल:
ताई, तुमच्या एकेका शब्दाशी सहमत. फक्त एक, या ११० यार्डांच्या धावाच मुळात चुकीच्या आहेत. फुटबॉलमधला एक प्ले, म्हणजे एक डाव, चालतो पाच-सहा सेकंद, मग श्वास घ्यायला अर्धा मिनिट तरी मिळतं. दीडशे किलोच्या लाइनमनला (पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूला) शंभर मीटर पळवून तुम्ही नेमकं कशाची तयारी करताय? त्याला दहा यार्ड जीव तोडून पळू द्या, पूर्ण विश्रांती द्या, परत पळू द्या. आणि शिक्षा म्हणून पळवणं तर बंदच व्हायला पाहिजे.

सव्वाशे_यार्ड:
मधेच बोलतो. मला दोरी आणि जीपीएसबद्दल वेगळीच भीती आहे, हे आकडे कोणाच्या मालकीचे? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अलाबामा विद्यापीठाने पोरांना घरी ॲपल वॉच दिली, हेतू चांगला असेल, पण म्हणजे सराव संपला, पोरगं घरी आहे, तरी कोचला दिसतंय. आता जुलै २०२५पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतायत, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २.०५ कोटी डॉलरपर्यंत मुभा. मग उद्या पैशाची बोलणी करताना कोच म्हणाला की तुझा टॉप स्पीड ऑक्टोबरपासून कमी झालाय, रक्कम कमी करतो, तर? ज्या आकड्याने पोराला विश्रांती मिळायची त्याच आकड्याने त्याचा भाव पाडायचा. असं दिसलं की पोरं काय करणार, सेन्सरला फसवायला शिकणार, दुखणं लपवणार. माझ्या मते आकडे डॉक्टर आणि ट्रेनरपाशी (म्हणजे कोच नव्हे, दुखापती बघणारा माणूस) राहावेत, हेड कोचला फक्त "आज खेळू शकतो" किंवा "नाही" एवढंच कळावं.

ओहायोकर:
हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आमच्या छोट्या कॉलेजात पैशाचा प्रश्न नाही पण टीममधल्या जागेचा आहेच, कोण सुरुवातीला खेळणार ते याच आकड्यांवर ठरत असेल तर पोरगं खरं सांगणार नाही.
तरी मी यंत्रांची बाजू सोडणार नाही. डार्टमथ कॉलेजचं उदाहरण घ्या, कोच बडी टीव्हन्स यांनी २०१०ला सरावातलं एकमेकांना टॅकल करणं, म्हणजे धडकून खाली पाडणं, बंद केलं, नंतर तिथल्याच इंजिनिअरिंगवाल्यांनी पळणारा रोबो बनवला, रिमोटवर चालणारा, पोरं त्याला टॅकल करतात. २०१५ला आयव्ही लीग या त्यांच्या स्पर्धेचं जेतेपदही वाटून घेतलं. डोक्याला बसणारे शेकडो धक्के वाचले. हे नुसत्या वहीने आणि नजरेने झालं नसतं.
फिजिओताई, तुमचं वाचून काल रात्री मुलाला फोन केला. म्हटलं तुमच्या मैदानावर बर्फाचा टब आहे का? म्हणाला आहे, वेट रूमच्या मागे. मी म्हटलं मैदानापासून किती लांब? तर म्हणे पार्किंग ओलांडून जावं लागतं.

फिजिओताई:
मग ट्रेनरना आजच ईमेल करा, ऑगस्टची वाट बघू नका. तीनच गोष्टी विचारा: सराव सुरू व्हायच्या आधी टब मैदानाच्या कडेला भरलेला असतो का, थर्मामीटर कोणाकडे असतो, आणि पोरगं कोसळलं तर सराव थांबवायचा अधिकार कोचच्या वर ट्रेनरला आहे का. तिसऱ्याचं उत्तर लेखी मागा.

लिंकनचा_लाल:
आणि उत्तर आलं की इथे टाका ओहायोकर. माझा पुतण्या पुढच्या वर्षी कॉलेजात खेळायला जातोय, त्याच्या वडिलांनाही हेच तीन प्रश्न पाठवतो.