आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी अँटिबायोटिक गोळ्या: उपयुक्त जिवाणूही मरणार असतील तर त्या का देतात?

ओसरी:
माझ्या आईच्या (वय ६३) मोठ्या आतड्यातील गाठ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. आदल्या दिवशी पोट साफ करण्याची पावडर पाण्यात घालून प्यायची आणि दुपारपासून रात्रीपर्यंत निओमायसिन व मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यायच्या, असे लिहून दिले आहे. महिन्यापूर्वी दाताच्या दुखण्यासाठी तिने अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला, तेव्हापासून तिचे पोट ठिकाणावर नाही. आतड्यातले जिवाणू आधीच विस्कटलेले असताना पुन्हा अशीच औषधे दिल्यास जोडलेले आतडे भरून येण्यास अडथळा येणार नाही का? प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या) कॅप्सूल आजपासूनच सुरू कराव्यात, असा मावशीचा आग्रह आहे.

टाकेवाला:
मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. शिवलेल्या आतड्याचा जोड सुटला की आम्ही आधी स्वतःच्या हाताला, मग रक्तपुरवठ्याला आणि जोडावरच्या ताणाला दोष देतो, कारण आम्हाला तसेच शिकवले गेले. मात्र १९५५ मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या इसिडोर कोन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते की, रक्तपुरवठा तोडलेला जोडही आतड्यात थेट अँटिबायोटिक सोडल्यास तगू शकतो. २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांना उंदरांमध्ये त्यामागचा एक दुवा सापडला. एंटरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू निरोगी आतड्यातही असतो, पण तेथील इतर जिवाणूंची वस्ती विरळ झाली की तो फोफावतो, आणि त्याचे काही प्रकार जोड धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिनच विरघळवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून बहुधा सेफॅलोस्पोरिन गटातले अँटिबायोटिक देतात. त्याला हा जिवाणू मुळातच दाद देत नाही. त्या प्रयोगातही शिरेतल्या औषधाने तो हटला नाही, जोडावर थेट औषध लावल्यावर मात्र हटला. तोंडाने गोळ्या देण्यामागे आतड्याच्या आत पोहोचण्याचाच विचार आहे. तरीही माणसांमधील चित्र इतके सरळ नाही: फिनलंडमधील सुमारे ४०० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) पावडर व गोळ्या घेणारे आणि काहीच न घेणारे यांच्यात जखमेच्या संसर्गाबाबत फरक दिसला नाही. त्यामुळे रुग्णालयागणिक पद्धत वेगळी असते. आपल्या शल्यचिकित्सकांनी ठरवलेली पद्धत परस्पर बदलू नये.

सूक्ष्मदर्शी:
गोळ्यांपेक्षा मला दाताच्या कोर्सची काळजी अधिक वाटते. अँटिबायोटिकनंतर आठवडे उलटूनही क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा जुलाब घडवणारा जिवाणू डोके वर काढू शकतो, म्हणून आईला पातळ जुलाब होत असतील तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच कळवावे आणि जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नये. कॅप्सूलविषयी सांगायचे तर, २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यावर त्या गटात मृत्यू अधिक झाले. तो आजार निराळा आहे, पण ‘घेतले तर बिघडते काय’ हे वाक्य त्यानंतर मी उच्चारत नाही. शिवाय २०१८ मध्ये इस्रायलमधील एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतण्यास उलट उशीर झाला. दही हे अन्न आहे; चालत असेल तर खाऊ द्यावे, त्याला औषध मानू नये.

पायवाट:
वडिलांचा जोड पाचव्या दिवशी सुटला होता. पोटदुखीची तक्रार फारशी नव्हती. नाडी ११८ वर गेली, उचकी थांबेना, आणि सकाळपर्यंत फिकट गुलाबी असलेले ड्रेनच्या (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतले पाणी दुपारी गढूळ झाले. ‘गॅसमुळे होते’ असे म्हणून आम्ही चार तास घालवले. तुम्ही ते घालवू नका, लगेच नर्सला बोलवा.

ओसरी:
दाताच्या कोर्सची नोंद फाइलमध्ये कुठेच नव्हती. आज फोन करून सांगितले, तेव्हा उद्या सकाळी शौचाचा नमुना घेऊन यायला सांगितले आहे. कॅप्सूलचे मी त्यांनाच विचारणार आहे. तोवर मावशीने दही विरजले आहे.