तोंडाच्या दुर्गंधीसाठी कोणता माउथवॉश घ्यावा?

प्रश्न (जळगाव): दोन वेळा दात घासूनही दुपारनंतर माझ्या तोंडाला दुर्गंधी येते आणि वर्गात मुलांजवळ वाकून बोलतानाही संकोच वाटतो. दुकानातल्या अनेक बाटल्यांपैकी कोणती निवडावी?

उत्तर (धुळे): ताई, सेटिलपिरिडिनियम क्लोराइड किंवा जस्ताचा क्षार असलेला, पण अल्कोहोल नसलेला माउथवॉश घ्यावा, पहिला घटक जिवाणू कमी करतो, जस्त दुर्गंधीच्या गंधकयुक्त वायूंना बांधून ठेवते, तर अल्कोहोलने तोंड आणखी कोरडे पडू शकते. मात्र त्याआधी टंग क्लीनरने जीभ साफ करत जा, कारण दुर्गंधीचे मूळ बहुधा जिभेच्या मागच्या भागावरील थरात असते.

उत्तर (भुसावळ): काही माउथवॉशमध्ये असणारे ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मात्र दंतवैद्यांनी सांगितल्याशिवाय रोज वापरू नये. मी ते महिनाभर वापरले, तेव्हा दातांवर तपकिरी डाग पडले आणि चवही बिघडली.

उत्तर (नंदुरबार): भरीत किंवा ठेच्यातल्या लसणाचा वास रक्तातून फुप्फुसांत जाऊन श्वासावाटे येतो, त्यामुळे तो गुळण्यांनी पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोंड लवकर कोरडे पडते, म्हणून वर्गात पाणी जवळ ठेवावे. दुर्गंधी हिरड्यांच्या त्रासामुळेही असू शकते, हिरड्यांतून रक्त येते का?

प्रश्नकर्ती: होय, घासताना येते. मग आधी दंतवैद्यांनाच दाखवते.